खालची पायरी

धक्क्याच्या शिडीला माझ्या लहानपणी
सात पायऱ्या होत्या.
परवा माझ्या बापाने, एनोकने, आठवी ठोकली.
खालून.
"समुद्र उतरतोय का गं?" त्याने विचारलं.
तोंडात दोन खिळे,
त्यामुळे प्रश्न थोडा लोखंडी आला.

समुद्र नाही, म्हटलं, आपणच वर चाललोय.
हालिबटच्या पेट्या उतरवल्या
की होडी कशी पाण्यातून वर येते,
तशी जमीन येतेय. मागचा बर्फ हलका झालाय.

होडीचं त्याला लगेच कळलं.
तो हसला मात्र नाही.
"मग पेट्या कुणाच्या दारात उतरल्या?"

मी उणे बावीसात काम करते.
वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, चहा, पुन्हा आत.
हाताच्या लांबीचे बर्फाचे दंड येतात,
पिशवीवर आकडे, आकड्यांवर दव.
करवतीने उभे चिरायचे आणि वाचायचे.

वरचा बर्फ बोलका असतो:
उन्हाळा भरड, हिवाळा बारीक,
ही काळी रेघ कुठल्याशा ज्वालामुखीची,
हे शिसं, म्हणजे दूर दक्षिणेत
कुणी चांदी गाळत होतं, नाणी पाडत होतं,
आणि त्याचा धूर
आमच्या दप्तरात आपसूक नोंदला गेला.

मध्येच काचेसारखा पट्टा लागतो, आरपार.
त्या वर्षी वरचं वितळलं, झिरपलं, परत गोठलं.
खोलात असे पट्टे शोधावे लागतात.
वरच्या पेट्यांत ते एकमेकांना खेटून आहेत.
मी आता त्यांना मोजताना
मोठ्याने मोजत नाही.

आणखी खाली वर्षं चेपली जातात.
शे-दीडशे हिवाळे बोटाच्या पेरात.
एक लाख वीस हजार वर्षांमागे
पृथ्वी सूर्यापुढे जरा वेगळी झुकली होती, एवढंच,
आणि समुद्र चार पुरुष वर चढला.
सावकाश. हजारो वर्षं. डुलक्या घेत.
त्याला कुठे पोचायचं नव्हतं.

सगळ्यात तळाशी गाळ.
गाळात काडी. काडीला चिकटलेलं शेवाळ,
अजून हिरवट म्हणावं इतपत.
भाची निविआकला भिंगाखाली दाखवलं.
"म्हणजे इथे बर्फ नव्हता?"
नव्हता.
"मग आला ना परत?"
आला.
वाट पाहायला कुणी नव्हतं,
म्हणून उशीर झाल्याचं कुणी म्हटलं नाही.

चिरताना उरलेले काप फेकायचे असतात.
मी डब्यातून दोन-चार घरी आणते.
बापाच्या पेल्यात टाकले की ते तडतडतात:
आतली दाबलेली हवा सुटते,
कुणाच्याही छातीत न गेलेली.
तो पेला कानाशी धरतो.
पूर्वी बाहेर अकरा कुत्री भुंकायची,
तेव्हा हा आवाज ऐकू आला नसता.
आता चार आहेत.
समुद्रावरचा बर्फ फेब्रुवारीतही पाऊल धरत नाही,
गाडी कुठे हाकायची?

"सांग ना," तो म्हणाला. "कुणाच्या दारात?"

नकाशा काढला. स्वयंपाकघराच्या टेबलावर,
मिठाच्या डबीने एक कोपरा दाबून.
हा मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. ही प्रवाळबेटं,
पेन टेकवलं तर झाकून जातील एवढी.
इथे पाणी चढतं, म्हटलं. आपल्याकडून दूर, म्हणून जास्तच.
इतका मोठा बर्फ पाण्याला स्वतःकडे ओढून धरतो;
तो झिजला, की पाणी त्याचा हात सोडतं.

तो बराच वेळ बेटांकडे बघत राहिला.
बोटाच्या नखाने एकाची कड तपासली,
फळी तपासावी तशी.
"त्यांच्याकडेही शिडी असेल," म्हणाला.
असेल.
"वरून ठोकावी लागत असेल."

सकाळी मी निघाले तेव्हा तो धक्क्यावर होता.
आठव्या पायरीवरून उरलेलं लाकूड
त्याने चुलीत घातलं नव्हतं.
घासून, कडा मोडून,
शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं.
कशाला, मी विचारलं नाही.
तोंडात त्याच्या पुन्हा खिळे होते.